दाताची तार आणि मामाचा मान

माझा वरचा उजवा सुळा बाकीच्या दातांशी फटकून राहतो. ते सगळे ओळीत आणि हा त्यांच्या वर, हिरडीत अर्धा रुतून. आजवर मी ओठ मिटून निभावून नेलं. पण जालना रोडवरच्या गाड्यांच्या शोरूममध्ये मला नोकरी लागली, दिवसभर गिऱ्हाइकांशी हसून बोलायची, आणि तोंडावर हात धरून कुणाला गाडी विकता येत नाही. म्हणून मी घरात जाहीर केलं की आता दात सरळ करून घ्यायचे. तेवीस वर्षांची मुलगी स्वतःच्या तोंडाबद्दल काही ठरवते, त्यात दुसऱ्या कुणाचा काय संबंध, असं मला वाटलं. इतकी वर्षं या घरात काढूनही मला असं वाटू शकतं, हे विशेष आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील सर्जेराव, वाळूजच्या एका कंपनीत तयार माल तपासायला आहेत. तिथं ते प्रत्येक नटबोल्टकडे संशयाने बघतात आणि घरी आले की तीच नजर आमच्यावर ठेवतात. तरी या वेळी ते ‘चला’ म्हणाले. आईही निघाली. आई परक्या माणसांसमोर तोंड उघडत नाही, त्यामुळे तिची मला काळजी नव्हती.

डॉ. चारुता यांचा दवाखाना निराला बाजारच्या मागच्या गल्लीत आहे. त्यांनी टेबलावर प्लास्टरचे दोन जबडे मांडले. एकाच्या दातांवर धातूची बारकी बटणं चिकटवली होती आणि त्यांतून तार ओवली होती. दुसऱ्यावर पारदर्शक साचा होता, इतका पातळ की आधी मला तो दिसलाच नाही. त्याला अलायनर म्हणतात. जेवताना काढायचा, एरवी दिवसरात्र घालायचा आणि थोड्या दिवसांनी पुढचा घ्यायचा. तार मात्र एकदा बसली की निघत नाही, दर महिन्याला येऊन आवळून घ्यायची. माझा सुळा बराच वर आहे, तारेनं तो जास्त खात्रीने खाली येईल, पण अलायनर नेमाने घातले तर त्यांनीही काम होईल, असं डॉक्टर म्हणाल्या. मी लगेच अलायनरवर बोट ठेवलं. अण्णांनी किंमत विचारली, ऐकली आणि तारेवर बोट ठेवलं.

तेवढ्यात आई बोलली.

“ती तार धातूची असती का?”

डॉक्टर म्हणाल्या, हो, स्टीलची असते, सुरुवातीची दुसऱ्या एका मिश्रधातूची.

“मग मामा लागंल,” आई म्हणाली.

डॉक्टरांना वाटलं, मामा म्हणजे पालक. मुलगी सज्ञान आहे, तिची स्वतःची सही चालते, असं त्यांनी समजावून सांगितलं. आईने मान हलवली आणि शांतपणे त्यांना शिकवायला घेतलं. लेकराचं जावळ काढतात ते मामाच्या मांडीवर. कान टोचतात तेही मामाच्या मांडीवर. अंगाला पहिल्यांदा धातू लागतो तिथं मामाची मांडी लागते, तो त्याचा मान असतो. इथं तर धातू तोंडात जाणार आणि तिथंच मुक्काम करणार, मग मामाशिवाय कसं भागेल?

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. आजवर शेकड्यांनी तारा बसवल्या, म्हणाल्या, एकाही मामाची गरज पडली नाही.

“त्यांच्यात रीत नसंल,” आई म्हणाली.

रीत आमच्यातही नव्हती. दाताच्या तारेला मामा लागतो हे आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलेलं नाही, कारण सात पिढ्यांत कुणी दाताला तार लावलेली नाही. आईने ती रीत तिथंच, खुर्चीत बसल्या बसल्या तयार केली होती. अण्णांना ते कळलं असणारच. पण त्यांचा चेहरा पडला तो वेगळ्याच कारणाने.

बद्रीनाथमामा हा आईचा धाकटा, एकुलता एक भाऊ. खुलताबादला त्याची शेती आहे. मी तान्ही असताना माझे कान टोचायचे ठरले, गुलमंडीहून सोनार घरी आला, मुहूर्त जवळ आला आणि मामाचा पत्ता नव्हता. दौलताबादच्या वेशीत एक ट्रक अडकला होता आणि मामाची जीप त्या ट्रकच्या मागे अडकली होती. आई म्हणाली, थोडं थांबू. अण्णा थांबले नाहीत. त्यांनी मला कंपनीतल्या सोमनाथकाकांच्या मांडीवर ठेवलं, कान टोचून घेतले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की मामावाचून काय अडतं? मामा त्या वेळी जिना चढून दारात पोचला होता. त्याने हातातलं सामान उंबऱ्यावर ठेवलं आणि मागे वळला. त्यानंतर तो आमच्या घरी आला नाही, अण्णांनी त्याला बोलावलं नाही आणि आईला कुणी काही विचारलं नाही.

घरी आल्यावर अण्णांनी माझ्या आत्याला फोन लावला. लक्ष्मीबाई आत्या सिडकोत राहते. भावजयीच्या विरोधात भावाची बाजू घेणं हे तिचं आयुष्यभराचं काम आहे आणि ते ती मन लावून करते. अण्णांनी स्पीकर चालू केला, आईलाही ऐकू यावं म्हणून. पण रीतिरिवाजाचा प्रश्न आला की आत्याला भाऊही दिसत नाही. तिने आधी तार कशाची असते ते नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, दाताचं कधी ऐकलं नाय, पण कानाला लागतो, नाकाला लागतो, तर दातानंच काय पाप केलं? धातू म्हणजे धातू.

अण्णा हार मानणारे नाहीत. दुसऱ्या दिवशी कंपनीतलं चुंबक खिशात घालून ते थेट दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांकडून तारेचा तुकडा मागून घेतला. चुंबकाला तो चिकटला नाही. अण्णांनी जागेवरच व्हिडिओ काढला, आत्याला पाठवला आणि फोन करून सांगितलं की माई, हा धातूच नाय, शास्त्रानं सिद्ध झालं.

“सोनं तरी चिकटतं का रे चुंबकाला?” आत्या म्हणाली.

अण्णा चुंबक घेऊन घरी आले. पण आत्याचं एव्हाना डोकं चालू झालं होतं आणि ते एकदा चालू झालं की लवकर बंद होत नाही. संध्याकाळी तिचाच फोन आला. तुझ्या दाढेत चांदी भरली होती ना रे, तिनं विचारलं, शहागंजच्या डॉक्टरकडं? तवा आपल्या मामाला इचारलं होतं का? अण्णा म्हणाले, मामा त्याआधीच वारले होते. मग फोटोला तरी इचारायचं, आत्या म्हणाली, आन् त्यानंतरच तुझा गुडघा धरला, ध्यानात घे. ती दाढ काढून टाकल्यालासुद्धा एक जमाना झाला होता, हे अण्णांनी सांगून बघितलं. पण गुडघा खरंच दुखत होता. रविवारी अण्णा मोटारसायकलवर गावी गेले, स्वतःच्या मेलेल्या मामाच्या फोटोपुढे नारळ फोडला आणि नसलेल्या दाढेतल्या नसलेल्या चांदीबद्दल माफी मागून आले.

आईने प्रसादाचं खोबरं हातावर घेतलं आणि म्हणाली, “म्हंजी रीत हाये.”

अण्णांनी खोबरं खाल्लं नाही. जी रीत आठवड्यापूर्वी जगात नव्हती, तिला आता दाखला मिळाला होता आणि तो त्यांनी स्वतः मोटारसायकलवर जाऊन आणला होता. मी खोलीत जाऊन उशीत तोंड घालून हसले.

शेवटी अण्णांनी निकाल दिला. तोंडात धातूच नको. पैसा जाऊ दे, पोरीला अलायनर घाला. आत्यालाही विचारून घेतलं, नंतर लफडं नको म्हणून. आत्या म्हणाली, प्लास्टिकला मामा नाय, प्लास्टिकला कोणच नाय. मेहुण्याला बोलवावं लागू नये म्हणून अण्णा दुप्पट खर्चाला तयार झाले, हे मला लाजिरवाणं वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. कोणाला दिसणार नाही, अशी गोष्ट मला मिळत होती. पहिल्या दिवशी शोरूममध्ये कसं हसायचं याची मी आरशासमोर तालीमही केली.

दातांचं स्कॅनिंग दुसऱ्या दिवशी होतं. आई भाकरी थापत होती. अण्णांच्या निकालापासून ती फारसं बोलली नव्हती, चिडलेलीही वाटत नव्हती, नुसती विझून गेली होती. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि सरळ विचारलं की ती रीत तू मनानंच काढलीस ना.

“व्हय,” आई म्हणाली.

तिने इतक्या सहज कबूल केलं की मी ओट्यापासून सरळ झाले. मग तीच बोलली.

“खऱ्या रीती होत्या त्या समद्या सरल्या. जावळ झालं, कान झाले. तुझं लगीन तेवढं राहिलं, त्याला तू तयार नाय. मग म्या त्याला कशाच्या निमतानं बोलवू? दिवाळीला म्या चंद्राला ओवाळती. ज्यांना भाऊ नाय, त्या बाया ओवाळतात चंद्राला. माझा जित्ता हाये, तासाभराच्या वाटंवर.”

तिने भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला. मी दरवर्षी तिला गच्चीत ताट घेऊन जाताना बघत आले आहे. आमच्या घरची पद्धत असेल असं समजून मी कधी काही विचारलं नाही.

मला खूप राग आला. अण्णांचा आला, मामाचा आला, त्या ट्रकवाल्याचाही आला. सगळ्यांत जास्त आईचा आला, कारण तिने हे मला सांगायला नको होतं. नवी नोकरी, पहिला महिना, आणि दोन वर्षं तोंडात लोखंडाचं कुंपण घेऊन मी लोकांना गाड्या विकायच्या? माझे दात आहेत, तुमच्या भांडणाचा आखाडा नाही, असं मला ओरडून सांगायचं होतं. मी भाकरी खाल्ली आणि गप्प झोपायला गेले.

सकाळी दवाखान्यात सगळी तयारी होती. डॉक्टरांनी स्कॅनर हातात घेतला, मला तोंड उघडायला सांगितलं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, तार बसवा.

अण्णा उठून उभे राहिले. “काऊन?”

“सुळा लई वर हाये, अण्णा. तारेनं नक्की येईल खाली. डॉक्टरच म्हणल्या होत्या.”

डॉक्टर तसं म्हणाल्याच होत्या, त्यामुळे त्यांना हो म्हणावं लागलं. अण्णा माझ्याकडे बघत राहिले, खोट असलेल्या नटाकडे बघतात तसे. त्यांना सगळं समजलं होतं. बसव तार, म्हणाले, पण बोलवायला म्या जाणार नाय. आईने पदर डोक्यावरून सारखा केला आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

म्हणजे बोलावणं माझ्याकडे आलं. मामाला मी लांबून कुठल्याशा लग्नात दोनदा पाहिलं असेल. फोनवर मी नाव सांगितलं. मी आधी पाठ करून ठेवलं होतं ते म्हणून टाकलं की मामा, माझ्या दातांना तार बसवायची आहे, त्याला तुमची मांडी लागते. एवढं बोलून झाल्यावर मला ते किती चमत्कारिक आहे ते ऐकू आलं. मामा हसेल किंवा फोन ठेवेल असं वाटलं.

“दाताच्या तारंला?” मामाने विचारलं.

“व्हय.”

“आक्कानं सांगितलं का?”

“व्हय.”

मग एवढंच म्हणाला, “टाइम काय हाये? आन् या खेपेला टाइमाच्या आधी तर नाय ना उरकणार?”

ठरलेल्या दिवशी आम्ही दवाखान्यात पोचलो तर मामा पायरीवर बसलेला होता. शटर उघडायचं होतं. दौलताबादच्या वेशीचा भरवसा नाही म्हणून तो आदल्या संध्याकाळीच शहरात आला होता आणि शहागंजच्या एका लॉजवर राहिला होता. डोक्याला फेटा, अंगात नवा सदरा, शेजारी सीताफळांची पाटी आणि आईसाठी साडीची पिशवी. तो उठला. आई त्याच्याजवळ गेली, पण दोघांनाही काय करावं ते कळेना. शेवटी आईने सीताफळं हातात घेऊन पिकली आहेत का बघितलं. अण्णा गाडी लावायचं निमित्त करून गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

डॉ. चारुता मांडीच्या प्रकाराला तयार नव्हत्या. ती दातांची खुर्ची आहे, पाळणा नाही, असं त्या म्हणाल्या आणि मनातून मी त्यांच्याच बाजूची होते. पण आईने हात जोडले, मामाने फेटा सारखा केला आणि डॉक्टरांना पुढचे पेशंट दिसायला लागले. बरं, म्हणाल्या, पण डोक्याला टोपी घालावी लागेल. मामा फेटा काढायला राजी नव्हता. तेव्हा फेट्यावरच दवाखान्यातली निळी कागदी टोपी ताणून बसवली, ती मध्येच फाटली, आणि तसाच मामा खुर्चीत आडवा झाला. त्याच्या मांडीवर मी बसले. मी काही जावळ काढायचं लेकरू नव्हते, मामाही सडपातळ नव्हता. खुर्ची मागे झुकताना तिच्या पोटातून असा आवाज आला की बाहेर बसलेले अण्णा दारापर्यंत आले.

डॉक्टरांनी दिवा लावला. तो मामाच्या डोळ्यांवर पडला. त्या म्हणाल्या, आ करा. मी आ केला. माझ्या खांद्यावरून डोकावणाऱ्या मामानेही आ केला. डॉक्टरांनी माझ्या तोंडात बघितलं, मग वर मामाच्या तोंडात बघितलं, आणि हात थांबवला. तोच सुळा. वरचा, उजवा, हिरडीत रुतलेला. त्यांनी दोन्हींवर एकेकदा आरसा धरून खात्री करून घेतली आणि आईलाही बोलावून दाखवलं.

“आमच्या घरचा हाये त्यो,” मामा म्हणाला. “माझ्या बापालाबी असाच होता. मग सरळ काऊन करायलात?”

मला उत्तर द्यायचं होतं, पण ओठ प्लास्टिकच्या चिमट्याने फाकवलेले होते आणि गालात कापूस होता. आई हसायला लागली. तोंडाला पदर लावून आधी हळू, मग तिला आवरेना, मग हसता हसता ती रडायला लागली. मामाने तिला रडू नको म्हणून सांगितलं, पण दिव्यासमोर तो पुन्हा आ करून बसला होता, त्यामुळे काही कळलं नाही. डॉक्टरांनी एकेक बटण दातावर चिकटवलं, निळा उजेड मारून पक्कं केलं आणि तार ओवली. मामाचा हात माझ्या डोक्यावर होता. तो सगळा वेळ तिथंच होता, जड आणि घामेजलेला. मला वाटलं होतं की मला अवघडल्यासारखं होईल. तसं झालं नाही, मला फार बरं वाटलं.

काम झाल्यावर डॉक्टरांनी आरसा दिला. तोंडभर लोखंड होतं. ओठ त्यावर नीट मिटतही नव्हते. मी उतरले, पण मामा खुर्चीतच राहिला. पुढच्या महिन्यात तार आवळायला या, डॉक्टर म्हणाल्या, आणि असं दीड-दोन वर्षं चालेल. दोनच वर्षं का, आईने विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, लोक सहसा लवकर होईल का असं विचारतात.

मामाने कागदी टोपी काढून हातात धरली होती. ती घडी करत, कुणाकडेही न बघता त्याने डॉक्टरांना विचारलं, “तार आवळायलाबी मामा लागतो का?”

डॉक्टर प्रामाणिक बाई आहेत. त्यांनी नाही म्हणायला तोंड उघडलेलं मी पाहिलं. आईने माझा दंड धरला, चांगला जोरात.

“लागतो,” दारातून अण्णा म्हणाले.

सगळे तिकडे बघायला लागले. अण्णांनी मामाकडे नाही, आईकडे बघितलं, कारण मामाशी बोलायची त्यांची सवय मोडली होती.

“दर महिन्याला लागतो म्हणावं. आन् आदल्या दिशी येऊन लॉजवर राहायचं काम नाय. दौलताबादला अडकला, उशीर झाला, तरी आम्ही थांबू.”

आईने ते मामाला सांगितलं नाही. मामा हातभरावर होता, त्याला ऐकू आलं होतं. तो “बरं, दाजी” म्हणाला आणि उठायला लागला, पण खुर्ची मागे झुकलेली, त्याला जमेना. डॉक्टर बटण शोधत होत्या. तेवढ्यात अण्णा आत आले आणि त्यांनी त्याला हात दिला.